तुरुंगात लिहिलेली आई

नाशिकरोडला एका रस्त्याला सारे जण जेलरोड म्हणतात. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे ये-जा करतात. कुणी शाळेत जाते, कुणी कामावर, कुणी रविवारी मिस्साला. ज्या मध्यवर्ती कारागृहावरून रस्त्याला हे नाव पडले, त्याच्या भिंतीकडे मात्र सहसा कुणी मान वर करून पाहत नाही. रोजच्या सवयीने भिंतदेखील दिसेनाशी होते.

आपल्या घरांतील एका पुस्तकाचे असेच झाले आहे. सानेगुरुजींचे ‘श्यामची आई’ ज्या घरात नाही, असे वाचणारे मराठी घर विरळाच. शाळेच्या बक्षीस समारंभात ते मिळते, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी एखादा मामा ते भाच्याच्या हाती ठेवतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेव्हापासून ती आई साऱ्या महाराष्ट्राची झाली. परंतु हे पुस्तक त्या भिंतीच्या आत लिहिले गेले आहे, हे किती जणांच्या ध्यानी असते? ते नाशिकच्या तुरुंगात गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहावयास घेतले गेले आणि सोमवार, १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली गेली. अवघे पाच दिवस! १९३५ साली ते ग्रंथरूपाने लोकांसमोर आले.

ही माहिती आपण केवळ प्रश्नमंजूषेपुरती राखून ठेवतो. माझे म्हणणे असे की, ती पुस्तकाच्या आशयाशी निगडित आहे. ‘श्यामची आई’ हा तुरुंगग्रंथ आहे आणि तसा तो वाचला, तर मातृप्रेमाच्या पलीकडचे असे काही त्यात दिसू लागते, जे आपल्याला, विशेषतः धर्मग्राम म्हणून एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांना, अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

मराठीला तुरुंगवाङ्मयाची मोठी परंपरा आहे. तिच्यात ढोबळ मानाने दोन प्रवाह दिसतात. पहिल्यात लेखकाची दृष्टी तुरुंगावरच खिळलेली असते. सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ हे त्याचे ठळक उदाहरण. अंदमानची कोठडी, कोलू, पहारेकरी हाच तेथे ग्रंथाचा विषय आहे. दुसऱ्या प्रवाहात तुरुंग म्हणजे सक्तीने लाभलेला एकांत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. फेब्रुवारीत सुरू झालेली ही अठरा प्रवचने जूनमध्ये पुरी झाली. ती शब्दशः टिपून घेणारा बंदी दुसरा कुणी नसून सानेगुरुजीच होते. वर्षभरातच या लेखनिकाने नाशिकच्या तुरुंगात स्वतःची लेखणी उचलली. आश्चर्य असे की, त्याने ना भिंतीचे वर्णन केले, ना कोणत्या धर्मग्रंथावर भाष्य. तो मनाने उठला आणि थेट आपल्या कोकणातल्या घरी गेला.

त्या काळी नाशिकच्या तुरुंगात आणखी कोण कोण होते, हे पाहिले म्हणजे या निवडीचे वेगळेपण उमगते. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी तरुण मंडळी १९३२-३३ च्या सुमारास तेथे होती. त्यांच्या तेथील चर्चांतूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. उद्याचे राज्य कसे असावे, याचा आराखडा एकीकडे आखला जात होता. त्याच तुरुंगात तेहतीस वर्षांचा, अंमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेला एक शिक्षक, १९१७ साली निवर्तलेल्या आपल्या आईविषयी लिहीत होता. वरवर पाहता हे पळून जाणे वाटेल. मला मात्र तसे वाटत नाही. राज्य कसे बदलावे, हा त्या तरुणांचा प्रश्न होता. माणूस कशाने बदलतो, हा गुरुजींचा प्रश्न होता. आणि तुरुंग नावाच्या संस्थेचा, निदान कागदोपत्री, हाच प्रश्न असतो.

आता पुस्तकाच्या घडणीकडे पाहू. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. ‘सावित्रीव्रत’ ही पहिली आणि ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ ही बेचाळिसावी. आश्रमात सायंकाळची प्रार्थना आटोपते, मित्र भोवती बसतात आणि श्याम आपल्या आठवणी सांगू लागतो. लहानपणी आपण ही चौकट वगळून थेट गोष्टीकडे धावतो. परंतु तुरुंगात सूर्यास्ताच्या सुमारास काय होते, हे ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला ही चौकट वगळता येणार नाही. दिवसभराचे काम संपते. गिनती होते. आकडा जुळला की बंदी होते, म्हणजे बरॅकीला कुलूप पडते. मग पहाटेपर्यंत माणसाला जाण्यासाठी एकच वाट उरते, ती म्हणजे मागे. बंदिवानाची रात्र ही आठवणींची रात्र असते. गुरुजींनी आपल्या पुस्तकासाठी एकक म्हणून रात्र निवडली, ती ज्या ठिकाणी निवडली ते ठिकाण ध्यानात घेतले, तर आश्रमातील ते वर्तुळ म्हणजे बरॅकीचेच शुद्ध केलेले रूप होय, असे मला वाटते. कुलूप तेवढे गळून पडले आहे. रात्र, सोबती आणि आठवणी तशाच राहिल्या आहेत.

श्याम त्या वर्तुळात काय सांगतो? आईचे गुण सांगतो, हे खरे. परंतु त्याहून अधिक तो स्वतःचे अपराध सांगतो. पाण्यात उतरावयास भ्यालो आणि लपून बसलो. पत्रावळ लावता येत नव्हती आणि शिकण्याचा आळस होता. एकोणतिसाव्या रात्रीचे तर नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असे आहे. थोर व्हावे, त्यासाठी वाचावे, वाचण्यासाठी पुस्तके हवीत आणि पुस्तकांसाठी पैसे, अशा साखळीने मुलगा दुसऱ्याच्या पैशाला हात लावतो. हेतू उदात्त, कृत्य चोरीचे! तुरुंगात बसून एक निरपराध सत्याग्रही आपल्या बालपणीच्या चोरीची कबुली लिहितो, यातला अर्थ पहा. सरकारच्या लेखी जो त्याचा गुन्हा होता, त्याविषयी पुस्तकात अवाक्षर नाही, कारण त्याची त्याला लाज नव्हती. ज्याची लाज होती, ते तो आपण होऊन सांगतो. प्रायश्चित्त संस्काराची ज्यांना सवय आहे, त्या आपल्या वाचकांना हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी स्मरण, मग पश्चात्ताप, मग शब्दांत निवेदन आणि अखेर पुन्हा उभे राहणे.

या पुस्तकात लाजेचे दोन प्रकार आहेत आणि माझ्या मते साऱ्या ग्रंथाचे मर्म या दोहोंतील भेदात आहे.

पहिली लाज आईपुढची. न्हाऊन आलेल्या श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपला ओला पदर पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते, हा प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे. पाहा, आधी पदर आहे, नंतर उपदेश आहे. पोहण्याच्या प्रसंगी तीच आई हातात काठी घेते; पण वळांवर मायेचा हात फिरवणारीही तीच. या आईपुढे मुलाला लाज वाटते, ती तिने त्याला तुच्छ मानले म्हणून नव्हे. तिने त्याला जितके मोठे मानले, तितका आपण अजून झालो नाही, म्हणून. अशी लाज माणसाला वर उचलते. तिला चार भिंतींच्या आतला आडोसा असतो. ‘अळणी भाजी’ या अठराव्या रात्री तर गोष्ट उलटी होते. चूक आईची असते, ती मीठ घालावयास विसरते. वडील आणि मुले ते ध्यानात येऊनही निमूट जेवतात. या घरात दुसऱ्याची चूक पोटात घालणे हा रोजचा आचार आहे.

दुसरी लाज ढोलाची. सदतिसाव्या रात्रीचे नाव ‘अब्रूचे धिंडवडे’. कर्ज फिटत नाही, घरावर जप्ती येते आणि गावातून ढोल वाजवून त्याची दवंडी पिटली जाते. आई आजारी आहे. तो आवाज तिच्या कानी पडतो. पुढच्याच रात्रीचे शीर्षक ‘आईचा शेवटचा आजार’ असे आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तिला ताप होता, अशक्तपणा होता. परंतु पुस्तकाची रचना वाचकाला स्पष्ट सांगते की, त्या ढोलाने तिला मारले. ज्या बाईने मुलाच्या प्रत्येक चुकीवर पदर घातला, तिच्या घराच्या अडचणीवर पदर घालावयास गावात कुणी पुढे झाले नाही.

पदराची लाज माणूस घडवते आणि ढोलाची लाज माणूस मोडते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मान दोहोंतही खाली जाते. पण पहिल्या लाजेनंतर माणूस घरी असतो, दुसरीनंतर त्याला घर उरत नाही. तुरुंगाच्या कारभाराविषयी आजवर जे काही लिहिले-बोलले गेले आहे, त्या साऱ्याच्या मुळाशी हा भेद आहे. गुरुजींनी तो तुरुंगात बसून, तुरुंगाचे नावही न घेता, एका खेड्यातल्या गरीब घराच्या गोष्टीतून मांडला.

येथवर मी स्तुतीच केली. आता समीक्षकाचे दुसरे कर्तव्य.

पुस्तकात अश्रू फार आहेत, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोटा नाही. योगायोग असा की, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली, म्हणजे याच सुमारास प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्याही वाट्याला दारिद्र्य, ताटातूट, लोकनिंदा आली. पण त्या स्वतःवर हसतात आणि आपल्यालाही हसवतात. ‘स्मृतिचित्रे’ वाचून उठलेल्या वाचकाला श्यामचे वारंवार गहिवरणे जड वाटले, तर मी त्याला दोष देणार नाही. लक्ष्मीबाई मोकळ्या घरात, आयुष्याच्या संध्याकाळी लिहीत होत्या. गुरुजी कुलपाआड, पाच दिवसांत लिहीत होते, एवढे मात्र तोलताना विसरू नये. बंदिवानाचा विनोद बहुधा कडवट असतो. गुरुजींना कडवट व्हावयाचे नव्हते, म्हणून ते रडले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या पुस्तकात तुरुंगातील इतर माणसे नाहीत. नाशिकच्या त्या तुरुंगात सत्याग्रहींबरोबर चोर असतील, दरोडेखोर असतील, खुनी असतील. पोटासाठी हात मारणारे, दारूच्या भरात कोयता उचलणारे, असे ज्यांना कुणी हार घालून आत पाठवले नव्हते, ते कुठे आहेत? त्यांनाही आया होत्या. श्यामच्या वर्तुळात सारी सुशील मंडळी बसली आहेत. ज्याला त्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज होती, तो वर्तुळाबाहेर आहे. पंचविसाव्या ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीलाही अशीच मर्यादा आहे. अस्पृश्य म्हातारीची मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे, असे आई सांगते, हे त्या काळी धैर्याचेच होते; पण त्यानंतर अंघोळही आहेच. याच गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, म्हणजे लेखक स्वतः त्या अंघोळीच्या कितीतरी पुढे गेला. आपल्या तुरुंगांना मात्र तेवढे पुढे जाण्यास फार वेळ लागला. कैद्याच्या जातीवरून स्वयंपाक कुणी करावा आणि झाडलोट कुणी करावी हे ठरवणारे नियम अनेक राज्यांच्या तुरुंगपुस्तिकांत होते. ते घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला.

गुरुजींच्या पुस्तकातील ही रिकामी जागा भरून काढणारा मजकूर मला अलीकडच्या काळात एका वृद्ध धर्मगुरूच्या पत्रांत सापडला. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवाताने पेला हाती धरता येत नव्हता, म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आरोपांविषयी येथे मी बोलणार नाही. मी पत्रांविषयी बोलतो आहे. त्या पत्रांत त्यांनी स्वतःचे दुःख थोडक्यात आटोपले. सहबंदी आपल्याला जेवताना, अंघोळ करताना कशी मदत करतात, हे कृतज्ञतेने सांगितले आणि आपल्यावर नेमका आरोप काय आहे, हेही ठाऊक नसलेले कितीतरी गरीब बंदी भोवती आहेत, याकडे बोट दाखवले. ‘श्यामची आई’त जे वर्तुळाबाहेर राहिले होते, ते येथे आत आले आहेत. साहित्यगुणांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु तुरुंगवाङ्मय म्हणून ही पत्रे गुरुजींच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावीत, अशी मी वाचकांना विनंती करीन.

पदराची लाज घरात चालते, पण शेकडो कैद्यांच्या संस्थेत ती चालेल काय, असा प्रश्न व्यवहारी वाचक विचारील. याचेही एक उत्तर महाराष्ट्रानेच देऊन पाहिले आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. भवानराव पंतप्रतिनिधींचे ते संस्थान. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून भारतात आलेल्या अभियंत्याची. कैद्यांनी भिंतीशिवाय राहावे, शेती करावी आणि शब्दाला जागावे, एवढीच अट होती. ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याला रौप्य अस्वल मिळाले आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही. सहा खुनी आणि त्यांना माळरानावर घेऊन जाणारा एक तुरुंगाधिकारी, एवढीच ती गोष्ट. त्यांना पळून जाण्यापासून साखळी अडवत नाही. आपल्यावर विश्वास टाकणारे दोन डोळे आपल्याला पाहत आहेत, या जाणिवेने पाय अडतात. श्यामच्या आईचा पदर आणि त्या अधिकाऱ्याचे डोळे हे एकाच जातीचे आहेत. मोठ्या तुरुंगाचा कारभार केवळ अशा डोळ्यांवर चालणार नाही, हे मान्य. पण अशा डोळ्यांवाचून चाललेला कारभार सुधारणेचा दावा करू शकणार नाही, हेही तितकेच खरे.

आणि तो दावा आज केला जातो. १८९४ च्या कारागृह कायद्यात कैद्याला सांभाळून ठेवण्यावर भर होता. आता आपल्या राज्यात खात्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ हा शब्द आला आहे. परंतु २०२२ अखेरची देशाची आकडेवारी पाहा. ४ लाख ३६ हजार जणांची सोय असलेल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होती. म्हणजे चौघांतील तिघांचा अपराध अजून सिद्ध व्हावयाचा होता. तरी ढोल मात्र त्यांच्या घरासमोर वाजून गेलेला होता. दाटीवाटीच्या बरॅकीत, जेथे रात्री कूस बदलावयास जागा नसते, तेथे पश्चात्तापाला जागा कोठून मिळणार?

त्यातही काही गोष्टी समाधानाच्या आहेत. महाराष्ट्रातील कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. एरवी मुलाखतीत काच नाहीतर जाळी मध्ये असते. त्या दिवशी लहान मुलांना आपल्या बंदिवान आईला किंवा वडिलांना मिठी मारता येते. नाशिकरोडलाही तो झालेला आहे. बंदिवान आईजवळ तिचे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले आहे. माणसाला सावरणारी गोष्ट कोणती, हे शासनालाही अधूनमधून आठवते म्हणावयाचे!

नाताळच्या सुमारास तुरुंगसेवेतील बंधुभगिनींबरोबर मी काही वेळा कारागृहांत गेलो आहे. अशाच एका भेटीत ग्रंथालयाचे काम पाहणाऱ्या एका बंदिवानाशी बोलणे झाले. कोणते पुस्तक सर्वांत जास्त फिरते, असे मी सहज विचारले. त्याने ‘श्यामची आई’चे नाव घेतले आणि म्हणाला, “पण फादर, मी स्वतः ते पुरे केलेले नाही. ती आजारी पडते तिथपर्यंत आलो की मिटून ठेवतो.” मी का म्हणून विचारले नाही. श्याम घरी पोचतो, तेव्हा आईची राख झालेली असते. एकेचाळिसाव्या रात्रीचे नाव ‘भस्ममय मूर्ती’ आहे. रजेचा अर्ज मंजूर होऊन गावी पोचेपर्यंत सारे आटोपलेले असेल, ही भीती भिंतीआडच्या प्रत्येक मुलाच्या मनात असते. आपल्याकडे शाळेत ज्या पानांवर ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ विचारले जाते, ती पाने त्या माणसाला उलटवत नव्हती. समीक्षेची पुस्तके वाचून मला या ग्रंथाविषयी जे कळले नव्हते, ते त्या एका वाक्याने कळले.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या अंगणातली आहे. माझ्या आजवरच्या धर्मग्रामांपैकी एकात एक माता होती. तिचा मुलगा एका प्रकरणात आत गेला. त्याआधी ती रविवारच्या मुख्य मिस्साला पुढच्या बाकावर बसे. त्यानंतर ती पहाटेच्या मिस्साला येऊ लागली, शेवटच्या बाकावर बसू लागली आणि अखेरचा आशीर्वाद होण्यापूर्वीच निघून जाऊ लागली. मी एकदा घरी जाऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, “फादर, बाहेर सगळे थांबलेले असतात ना.” कुणी तिला वाईट बोलले नव्हते. फक्त सारे थांबलेले असत आणि ती जवळ आली की बोलणे थांबे. आपला ढोल असा असतो. त्याला आवाज नसतो. मलाही हे कळावयास कित्येक महिने लागले, याची खंत आजही आहे.

ज्या निवाड्याच्या दिवसाचे वर्णन प्रभूने केले, त्यात भुकेल्याला अन्न देण्याबरोबर बंदिवानाला भेटणेही आहे, हे आपण जाणतो. २६ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या रेबिबिया तुरुंगात पवित्र द्वार उघडले, तेव्हा त्या वचनाला त्यांनी दाराचे रूप दिले. पण नव्या करारात आणखी एक तुरुंगग्रंथ आहे, जो अवघ्या एका अध्यायाचा असल्याने आपल्या नजरेतून निसटतो. पौलाने बंदिवासातून फिलेमोनाला पत्र लिहिले. अनेसिम नावाचा दास धन्याकडून निघून गेला होता. पौलाच्या सहवासात तो बदलला. पौल त्याला बंदिवासात जन्मलेले आपले लेकरू म्हणतो आणि परत पाठवतो. पत्राचा सारा रोख अनेसिमवर नाही, फिलेमोनावर आहे. तो बदलला, आता तू त्याला भाऊ म्हणून दारात घेशील काय? त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, असे सांगून पौल त्याच्यावर आपला पदर पसरतो. फिलेमोनाने काय उत्तर दिले, ते बायबलमध्ये नाही.

‘श्यामची आई’ मुलांच्या हाती द्यावे, हे आपण जाणतोच. माझी सूचना एवढीच की, ते या वर्षी मोठ्यांनी पुन्हा एकदा वाचावे आणि सदतिसाव्या रात्रीपाशी थोडे थांबावे. ती दवंडी गावातून फिरत असताना आपण त्या गावात असतो, तर दारात उभे राहून ऐकत बसलो असतो की त्या घरी गेलो असतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ती माता अजूनही पहाटेच्याच मिस्साला येते, असे मी ऐकतो. मुलाची सुटका पुढच्या वर्षी व्हावयाची आहे.